वळणावरची केशरआत्या

"आत्या, आज तू नको येऊ वं," राजदूत गाडीची साखळी ओढून बघत इंद्रभान म्हणाला. त्याने मान काही वर केली नाही.

"काहून?"

"असंच."

"असंच नाही. कोन काय बोललं ते सांग."

कोण काय बोललं ते सगळ्या शिरपूरला ठाऊक होतं. मागच्या हंगामात माळावर मोटारसायकलींची शेवटची शर्यत झाली, केशरआत्या वळणावर उभी होती आणि नेमका तिथेच तिचा हा भाचा आडवा झाला. विधवा बाई समोर उभी राहिल्यावर दुसरं काय होणार, असा निवाडा जागच्या जागी झाला. आमच्या गावाला निवाडा करायला वेळ लागत नाही.

"तू वळणावर ब्रेक दाबला, म्हनून पडला," आत्या म्हणाली. "मी डोयानं पाह्यलं. माह्या कपायानं ब्रेक दाबला नव्हता."

सोळाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून ती भावाच्या घरी. लग्न असो की बारसं, चुलीपाशी पुढे आणि मांडवात मागे. कधी कुणाकडे काही मागितलं नाही. पण चौऱ्याहत्तर सालच्या त्या महागाईतही पोरं पेट्रोल जमवून माळावर गाड्या पळवायची, आणि ते बघण्याचं तिला वेड होतं. आज घरी बसलं तर गावाचं म्हणणं खरं ठरणार आणि माळ आपल्याला कायमचा बंद होणार, हे तिला कळत होतं. गेलं आणि पोरगा पुन्हा पडला तर काय, याचीही तिला भीती होती.

तरी ती गेली, आणि वळणावरच उभी राहिली. सरळ रस्त्यावर कुणीही पळतं, खरी शर्यत वळणावर, असं तिचं म्हणणं. तिच्या दोन्ही बाजूंची माणसं हळूहळू दूर सरकली. निदान ऐसपैस बघायला तरी मिळालं.

शेवटच्या फेरीपर्यंत मंगरूळपीरचा रामधन पुढे होता. इंद्रभान त्याच्या धुळीत. दोघे वळणावर आले तसा आत्याने पदर मुठीत आवळला.

"दाबू नको रे, दाबू नको!"

त्या आवाजात त्याला काय ऐकू येणार? पण त्याने ब्रेक दाबला नाही. गाडी गुडघा जमिनीला लागेल इतकी कलली, रामधनच्या आतल्या बाजूने निघाली आणि थेट निशाणापार गेली. आत्या नाचली. खरंच सांगतो, पन्नाशीला आलेली बाई भर माळावर दोन्ही हात वर करून नाचली, आणि आम्हाला फार बरं वाटलं.

पोळ्याला बैलाला लावतात तसं जिंकलेल्या गाडीला सवाष्णीने कुंकू लावायचं, ही आमच्याकडची रीत. सरपंचांच्या विजयमालाबाई निशाणापाशी मांडवात ताट घेऊन उभ्या होत्या. इंद्रभान त्यांच्यासमोरून तसाच पुढे गेला आणि वळणावर येऊन थांबला.

"आत्या, कुंकू तू लाव."

आता ही रडणार, असंच सगळ्यांना वाटलं.

"लावू दे न तिले. कवाची ताट धरून उभी हाय ते," आत्या म्हणाली. "मले बसव."

"कुठं?"

"गाडीवर. इतक्या सालापासून नुसती पाहूनच राह्यली मी."

विजयमालाबाई हसत हसत वळणापर्यंत आल्या आणि त्यांनी चाकाला कुंकू लावलं. आत्या एका बाजूला पाय सोडून मागे बसली आणि तिने भाच्याचा खांदा घट्ट धरला. इंद्रभानने जपून गाडी काढली.

"हयू कायले चालवून राह्यला? म्हातारी समजला काय मले?"

मग मात्र त्याने गाडी पळवली. वाऱ्याने आत्याचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला आणि अर्धे पिकलेले केस मोकळे सुटले. पदर सावरायचा तर हात सोडावा लागला असता. पूर्ण फेरीभर तिने हात सोडला नाही.