पिवळ्या पाटीची गाडी

उमादेवी नर्सबाईंनी गाडीत बसून किल्ली फिरवली. समोरचे लाल-पिवळे दिवे लागले आणि एकेक करत विझले. सगळ्यात शेवटी एअरबॅगचा दिवा विझला, तसं बाहेर उभ्या असलेल्या शांतलिंगअप्पांनी तोंड दुसरीकडं वळवलं. तो दिवा वेळेवर विझावा अशी वायर त्यांनीच जोडली होती.

नळदुर्गच्या बाहेर, हैदराबाद रस्त्याला लागून महारुद्रशेठचा भाड्याच्या गाड्यांचा धंदा होता. शेठ दरसाल पाच-सहा नव्या गाड्या एकदम उचलायचा, कारण घाऊक घेतल्या की स्वस्त पडतात. पिवळी पाटी, टॅक्सीचा विमा आणि तीन वर्षं रस्ता. कामं निघायच्या आत गाडी विकायची. त्याआधी नोंद बदलून पिवळीच्या जागी पांढरी पाटी लावायची, म्हणजे ती घरगुती होते. मधली डागडुजी अप्पांकडं असायची. एकवीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेल्या गाडीची तक्रार आली नव्हती.

ही गाडी मात्र तशी नव्हती. गेल्या श्रावणात मल्हार ड्रायव्हर उमरग्याहून येताना ती उभ्या ट्रकवर आदळली. पुढचा भाग पार सीटपर्यंत आत आला. एअरबॅग फुगली म्हणून मल्हार मोडक्या मनगटावर निभावला. विमा कंपनीच्या माणसानं गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि दुरुस्त करण्यात अर्थ नाही, टोटल लॉस, असं लिहून दिलं. भरपाई शेठला मिळाली, सांगाडा लिलावात निघाला, आणि तो शेठनंच मेहुण्याच्या नावावर परत घेतला. नोंदणी रद्द व्हायला हवी होती, ती झाली नाही. दुसऱ्या एका गाडीचं तोंड कापून आणलं गेलं. अप्पांनी ते जोडलं. वेल्डिंगवर पांढरा रंग बसला. नव्या एअरबॅगा शेठनं आणल्याच नाहीत. स्टिअरिंगवर नुसतं झाकण बसलं, आणि आत एअरबॅग नाही हे कळू नये म्हणून दिव्याची ती वायर.

उमादेवी येरमाळ्याच्या. आई द्वारकाबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला धाराशिवला न्यावं लागायचं, एसटीत त्यांना उभं राहवत नव्हतं, म्हणून गाडी. उतरल्यावर त्यांनी शेठला नाही, अप्पांना विचारलं,

"मामा, तुमी घेतली असती का ही गाडी?"

शेठ फोनवर बोलत होता, पण नजर अप्पांवर होती.

"चांगली हाय," अप्पा म्हणाले.

उमादेवी गाडी घेऊन गेल्या. त्यानंतर चार दिवस अप्पा अर्धी भाकरी टाकून ताटावरून उठत होते. बायको जगदेवीनं खोदून विचारलं तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, की त्या बाईची आई पुढच्या सीटवर बसत असंल.

पाचव्या दिवशी पहिल्या एसटीनं अप्पा निघाले. धाराशिवला गाडी बदलून येरमाळ्याला पोचले, तर नर्सबाईंच्या दारात गाडी सुरूच होती. द्वारकाबाई पुढं बसल्या होत्या, पदर सावरत. अप्पांनी हात करून उमादेवींना खाली बोलावलं.

"बाई, ह्या गाडीत एअरबॅग न्हाय. पुढलं तोंड दुसऱ्या गाडीचं हाय. म्याच जोडलंय."

उमादेवी गाडीकडं बघत राहिल्या.

"मग त्या दिवशी का न्हाय सांगितलं?"

"भ्यालो."

उमादेवींनी गाडी बंद केली, आईला हाताला धरून उतरवलं आणि तिघं स्टँडकडं चालत निघाली. पिशवी अप्पांनी घेतली होती. एसटीत द्वारकाबाईंना एका कॉलेजच्या मुलीनं जागा दिली. अप्पा धाराशिवपर्यंत दांडीला धरून उभे राहिले.

उमादेवींनी पोलिसांचं नाव काढताच शेठनं गाडी निमूट परत घेतली. अप्पांवर तो ओरडला नाही. खुर्ची पुढं सरकवून त्यानं त्यांना बसवलं.

"अप्पा, जोड तुमच्या हातचा हाय. उद्या काय झालं तर माझ्या आधी तुमचं नाव निघंल. आता घरी बसा."

निदान एअरबॅगा तरी घाला, असं अप्पांनी विनवलं. शेठनं फोन उचलला.

दोन दिवसांनी गाडी आवारात नव्हती. मल्हारला विचारलं तर तो म्हणाला, एक दलाल घेऊन गेला, बिदरकडं का कलबुर्गीकडं, ठाऊक न्हाय. त्याला शेठकडं नोकरी करायची होती.

मग अप्पांनी आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला, आरटीओच्या कचेरीला. गाडीचा जुना नंबर घातला, टोटल लॉसचं लिहिलं, गाडी शोधून रस्त्यावरून काढावी असं मागितलं आणि खाली, 'सदर जोडकाम मी स्वतः केले आहे,' असं लिहून सही केली. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला आणि दबक्या आवाजात समजावलं, की ह्यात आधी तुम्हीच अडकाल. अप्पांनी अर्ज मागं घेतला नाही. शिक्का मारलेली प्रत घेऊन ते घरी आले. दर सोमवारी चौकशीला जाऊ लागले. साहेब दौऱ्यावर असायचे, नाहीतर अर्ज वरच्या कचेरीत गेलेला असायचा.

दिवाळी झाली. अप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, म्हणून सकाळी जगदेवी पेपर वाचून दाखवायची. एका सोमवारी ती वाचता वाचता थांबली. तिनं पान उलटलं.

"आज काय न्हाय पेपरात."

"दे इकडं."

तिनं दिला नाही. अप्पांनी हात तसाच पुढं धरून ठेवला. शेवटी तिनं पेपर दिला. ते दारातल्या उजेडात गेले, कागद डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर लावत वाचू लागले. बिदर आणि कलबुर्गीच्या मधल्या हुमनाबादजवळची बातमी. पांढरी मोटार, समोरून टँकर. एकाच घरातले चौघं ठार, चौघांची नावं, वयं. सगळ्यात लहान सात वर्षांची. मोटार नवी होती का जुनी, कुणाकडून घेतली होती, त्यातलं काहीच छापलेलं नव्हतं.

अप्पांनी चारही नावं पुन्हा एकदा वाचली, ह्या वेळी मोठ्यानं. जगदेवी भिंतीला टेकून ऐकत होती. मग त्यांनी सदरा घातला, अर्जाची प्रत खिशात ठेवली आणि कचेरी उघडायला दोन तास अवकाश होता तरी ते निघाले.