गाळलेली ओळ

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे, आणि तोही नकली. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका छापखान्यात १९८६ साली माझा जन्म झाला. कागदाची बचत व्हावी म्हणून मालकाने शब्दांचे अर्थ तेवढे ठेवले आणि वापराची उदाहरणे गाळली. मला त्याचे काहीच वाटले नाही.

अंबरनाथ पश्चिमेला सुदामने मला आपल्या मुलीसाठी, अंजनासाठी आणले. तिने मला खाकी कव्हर घातले. "आमच्या पोरीकडं डिक्शनरी हाय," असे सुदाम शेजाऱ्यांना सांगे, तेव्हा मी फुगून जाई.

सुदाम रसायनांच्या कारखान्यात कामाला होता. १९९१ साली त्याच्या खात्यातल्या एका पाइपापाशी उग्र आंबट वास येऊ लागला.

"तोंडी सांगून थकलो. साहेबाला इंग्लिशमधे अर्ज लिहून दे," तो खोकत म्हणाला.

"आंबट म्हणजे सावर, बाबा. पण ते दुसरीतलं इंग्लिश. साहेब हसंल."

तिने माझ्या मागची मराठी शब्दांची यादी उघडली. आंबटपणा, उग्र: ॲसर्बिटी. केवढा भारदस्त शब्द! 'खात्यात फार ॲसर्बिटी आहे, कामगारांना त्रास होतो,' असे तिने इंग्रजीत लिहिले.

इंग्रजीत हा शब्द बहुधा माणसाच्या बोचऱ्या बोलण्याला लावतात. हे सांगणारी ओळच माझ्यात नव्हती. साहेबांनी अर्ज वाचून सुपरवायझरला झापले आणि कामगारांशी गोड बोलायला बजावले.

सुदाम हसत घरी आला. "आज चक्क 'सुदामभाऊ' म्हनला मला!"

पाइपाकडे कुणी फिरकले नाही. अकराव्या दिवशी तो फुटला आणि सुदाम घरी परतला नाही.

त्याची बायको गयाबाई मला रद्दीत घालणार होती, पण अंजनाने घालू दिले नाही. पुढे वाचनालयातल्या मोठ्या कोशात तिला ती ओळ सापडली. तिने माझ्या समासात लिहिले, 'वासाला नाही, बोलण्याला.' त्या पानाला तेव्हापासून आंबट वास येतो. ती दर वर्षी त्याच दिवशी पान उघडून नाक जवळ नेते. मला फार भीती वाटते, मित्रांनो.

आता अंजना बदलापुरात बुद्धविहारात मुलांना शिकवते. कुणी निबंधात जडजड शब्द घातला की विचारते, "साधा येतो ना? मग तोच लिही."

मला कव्हर घाला, वाळवीपासून जपा, असे मी मागत नाही. नुसत्या अर्थावर विसंबू नका, एवढेच मागतो. 'सावर' हा शब्द त्याच यादीत होता, एक ओळ वर.