काम झालं की मला काढा

मित्रांनो, मी एक जुनी लाल केबल आहे. लांबी जेमतेम हातभर, अंगावर दोन ठिकाणी चिकटपट्टी, आणि एका टोकाची पकड जरा सैल. नाक मुरडू नका! आमच्या अख्ख्या कचेरीत माझ्याइतकं नीट सुटून राहणं कोणालाच जमलं नाही, आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

माझा जन्म कारखान्यातला. बहिणींच्या नशिबी प्रिंटर आले, मी पोहोचले राज्य सरकारच्या रक्तपेढी विभागात. राज्यातल्या रक्तदात्यांची सगळी माहिती इथल्या सर्व्हरवर असते. संगणक विभागाच्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणतात. रोज संध्याकाळी ताई माझं एक टोक सर्व्हरला आणि दुसरं एका डिस्कला लावायच्या, त्या माहितीची प्रत काढायच्या, आणि काम झालं की मला लगेच उपटायच्या. डिस्क कपाटात, मी खुंटीवर.

"ताई, केबलला अंगाईसुद्धा म्हणता का हो?" शेजारचा कारकून चिडवायचा.

"म्हणते की! तुम्हालाही झोपवू का?" ताई म्हणायच्या. मग हसू आवरून सांगायच्या, "केबल लावून ठेवली तर चोर सर्व्हरमध्ये शिरला की डिस्कही त्याच्या हाती लागेल."

एके वर्षी राज्यांची सायबर सुरक्षा मजबूत करायला केंद्र सरकारकडून निधी आला. काय थाट विचारू नका! नवे संगणक आले, भिंतभर पडदा आला, संशयास्पद काहीही दिसलं की अडवणारी सुरक्षा यंत्रणा आली. लोकांना प्रशिक्षणही मिळालं. सगळं कामाचंच होतं. मी जळकुटी नाही.

पण आमच्या विभागाच्या मुख्य साहेबांची नजर माझ्यावर पडली. "ताई, एवढा निधी आला आणि हे लक्तर अजून इथेच? डिस्क सर्व्हरला कायमची जोडून टाका. रोजची कटकट कशाला?"

"साहेब, नवी केबल द्या, आनंदाने घेईन. पण डिस्क कायमची जोडणार नाही."

"नव्या यंत्रणेचं उद्घाटन होऊ द्या, मग बघतो तुमच्या केबलकडे," साहेब फणकारले. मी मनाशी म्हटलं, आता कचऱ्याची टोपली, दुसरं काय!

उद्घाटनाची दुपार आली. पाहुणे खुर्च्यांवर बसले. पडद्यावर सायबर सुरक्षेची फिल्म दाखवायची होती. साहेबांनी पेनड्राइव्ह लावला आणि नव्या यंत्रणेने तो ठामपणे अडवला. पाहुणे घड्याळ बघू लागले, साहेबांना घाम फुटला.

"बंद करा ती यंत्रणा! कार्यक्रम होईपर्यंतच."

"साहेब, ती तिचं काम करतेय," ताई म्हणाल्या.

"माझी शोभा करू नका हो!" म्हणत साहेबांनी स्वतःच ती बंद केली. फिल्म सुरू झाली, टाळ्या पडल्या. टाळ्या थांबायच्या आत पडदा काळा झाला. मग एकेक संगणक. पेनड्राइव्हमधून शिरलेल्या व्हायरसने सर्व्हरवरची सगळी माहिती कुलूपबंद केली, आणि ते कुलूप आमचं नव्हतं. सुरक्षेची फिल्म दाखवायला सुरक्षाच बंद केली, मित्रांनो! आता हसावं की रडावं?

तेवढ्यात फोन खणखणला. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई होत्या. "बाळंतीण अडली आहे. तिचा रक्तगट फार दुर्मिळ आहे. असा रक्तदाता जवळपास कोण आहे, लवकर सांगा!"

साहेब रडकुंडीला आले. "ताई, माझ्या हातून काय झालं हे! त्या बाईला काही झालं तर?"

"रडायला नंतर वेळ काढू," ताई म्हणाल्या. निधीतूनच आलेला, अजून कशालाही न जोडलेला एक नवा संगणक त्यांनी खोक्यातून काढला. कपाटातून डिस्क आणली आणि मला खुंटीवरून उचललं. माझी सैल बाजू त्यांनी बोटाने दाबून धरली. मीही जीव एकवटून चिकटून राहिले.

आदल्या संध्याकाळची प्रत जशीच्या तशी उघडली. जवळच्याच एका बेकरीवाल्याचा तो रक्तगट होता. ताईंनी फोन लावला. "पाव भट्टीत आहेत," तो म्हणाला, "जळू देत. निघालो!"

दिवस मावळायच्या आत डॉक्टरीणबाईंचा फोन आला. मुलगी झाली, आई सुखरूप. ताई त्या वेळी पहिल्यांदा रडल्या. मला मात्र अंगभर वीज खेळल्यासारखं वाटलं.

साहेबांनी आपली चूक सगळ्यांसमोर कबूल केली. नवी यंत्रणा आता कोणासाठीही बंद होत नाही, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही. मला काचेच्या चौकटीत लावू या, असंही ते म्हणाले.

"छे! तिला संध्याकाळी काम आहे," ताई म्हणाल्या.

मित्रांनो, निधीने यंत्रं येतात, आणि ती यायलाच हवीत. पण त्यांना त्यांचं काम करू द्या. तुमच्या जपायच्या गोष्टींची एक प्रत वेगळी ठेवा, आणि माझ्यासारखी एखादी केबल असेल तर काम झाल्यावर ती आठवणीने काढा.

आमच्याकडे आता ताई रजेवर असल्या की साहेब स्वतः येतात. मला हळूच काढतात, खुंटीवर टांगतात, दारापर्यंत जातात आणि परत येऊन एकदा बघतात, मी खरंच सुटलेली आहे ना.