सासरेबुवांचं साधं योगर्ट

शेवटी घरात मधाचंच योगर्ट आलं. हे होऊन गेलेलं आहे, पण घरातली सगळी माणसं ते झालंच नाही असं धरून चालली आहेत, तेव्हा आपणही तसंच धरू. अजून काहीही आलेलं नाही. जावई अजून दुकानातल्या लांबलचक फ्रिजसमोर उभा आहे आणि एका डब्याकडे असा बघतो आहे, जणू त्या डब्याने स्वतःच्याच गोदामाला आग लावली आहे.

तसं बघण्यावरच त्याचं पोट चालत होतं. तो विमा कंपनीत सर्व्हेअर होता. जळालेली दुकानं आणि भिजलेला माल बघायचा, आणि "सगळं गेलं हो साहेब" म्हणणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं की कांद्याचं, ते ठरवायचं.

आज मात्र प्रश्न पलंगाचा होता. सासरेबुवा दोन दिवसांसाठी म्हणून आले, सोफा कमरेला मानवेना म्हणून जावयाच्या पलंगावर गेले, आणि तिथे असतानाच त्यांच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोड बंद, सकाळी साधं ग्रीक योगर्ट. बायकोने निकाल दिला, "बाबांची साखर खाली आली की बाबा घरी. तोवर मी दिवाणावर, तू सोफ्यावर." सोफा तोकडा होता. त्यावर जावयाचं डोकं तरी झोपे, नाहीतर पाय तरी. दोघांना एकदम झोप मिळत नसे.

म्हणून तो एकेका डब्याची उलटतपासणी घेत होता. "नैसर्गिक" असं ठळक लिहिलेल्या डब्याच्या पाठीमागे, बारीक अक्षरात, साखर दबा धरून बसली होती. दुसऱ्यावर लिहिलं होतं, "ग्रीक पद्धतीचं". पद्धतीचं म्हणजे? "आगीसारखं काहीतरी लागलं" म्हणणाऱ्याचा दावा तो उभ्या उभ्या फेटाळत असे.

"जावईबापू, हे घ्या," सासरेबुवा ट्रॉलीला टेकून म्हणाले. "यावर मधमाशी आहे. मधमाशी कशाला खोटं बोलेल?"

"बाबा, तिला कोणी विचारलंय? नुसतं चित्र काढलंय तिचं."

"मग हे बघा, गायीचं. गाय किती समाधानी दिसतेय."

"समाधानी गाय तर मुळीच नको. तिला काहीतरी दिलेलं असणार."

"दादा, दार लावा ना," बाटल्या लावणारी मुलगी म्हणाली. "दह्याला घाम फुटलाय."

"मग त्याला लपवण्यासारखं काहीतरी असेल," जावई म्हणाला, आणि दार लावलं.

अखेर खालच्या फळीवर त्याला हवा तो माल सापडला. मधमाशीवाल्याच कंपनीचा, त्याच मापाचा, पण साधा. घटक: दूध, विरजण. संपलं. इतका साधा जबाब ऐकून त्याचा संशय आणखी बळावला, पण तिसऱ्यांदा वाचूनही साखर काही सापडली नाही. प्रत्येक डब्याला बाहेरून पुठ्ठ्याचं वेष्टण होतं. त्याने खिशातून निळं पेन काढलं आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर कोपऱ्यात एक बारीक खूण केली.

"हे कशाला?"

"आमच्यात तपासलेल्या मालाच्या खोक्यावर खूण करतात. कुणी अदलाबदल करू नये म्हणून."

"वा!" सासरेबुवा म्हणाले. जरा जास्तच कौतुकाने म्हणाले. सासरेबुवांचं सगळं आयुष्य पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात गेलं होतं. खोकं दिसलं की त्यांची बोटं आपोआप त्याचा सांधा शोधत. जावयाला हे माहीत होतं. तरी तो ट्रॉली त्यांच्या हवाली करून पाव आणायला गेला.

पुढच्या तपासणीत साखर वाढली.

जावयाने सगळ्यांवर संशय घेतला. टूथपेस्टवर घेतला, तपासणीच्या यंत्रावर घेतला, शेवटी बायकोवर घेतला.

"तूच आणतोस, तूच खुणा करतोस," ती म्हणाली. "आता माझ्यावर कसला संशय घेतोस? आरशात बघ."

फ्रिजमधल्या पुठ्ठ्यांवर निळ्या खुणा शाबूत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सासरेबुवांच्या समोर जाऊन बसला. ते चमचा तोंडात घालून डोळे मिटत होते. साधं योगर्ट खाणारा माणूस डोळे मिटत नाही. तो चेहरा त्याने कुठेतरी पाहिला होता. आठवलं, ती समाधानी गाय!

त्याने डबा ओढला आणि पुठ्ठा सरकवला. आत मधमाशी होती.

"खूण आतल्या डब्यावर करावी, जावईबापू," सासरेबुवा शांतपणे म्हणाले. "पुठ्ठ्याचं काय, तो आज याचा, उद्या त्याचा."

"म्हणजे दुकानातच? बाबा, मी पाव आणायला गेलो तेव्हा?"

"पाव शोधायला तुम्हाला फार वेळ लागतो."

"पण का? साखर उतरली की तुम्हाला घरी जाता आलं असतं!"

"तेच तर." सासरेबुवांनी चमचा चाटून पुसून ठेवला. "तिथे माझ्यासाठी फ्रिजसमोर उभं राहून कोण भांडतंय? मी खाल्लं का, एवढंसुद्धा कुणी विचारत नाही."

स्वयंपाकघरात बायकोने नळ होता त्याहून मोठा केला. म्हणजे तिने ऐकलं होतं, आणि ऐकलं नव्हतं.

जावयाने आयुष्यात कितीतरी खोटे दावे पकडले होते. पकडल्यावर "बरं" म्हणायची पाळी कधी आली नव्हती. तो "बरं" म्हणाला, मधाचे उरलेले डबे ऑफिसच्या पिशवीत कोंबले, सासरेबुवांच्या डब्यावर पुठ्ठा पुन्हा चढवला आणि संध्याकाळी पुन्हा दुकानात गेला. या वेळी त्याने साध्या योगर्टचे पुठ्ठे सरकवून आतल्या डब्यांवर खुणा केल्या. मग सूचनापेटीत एक कागद टाकला:

"मा. व्यवस्थापक यांस, विनंती अर्ज. आपल्या दुकानातील साध्या योगर्टला मधाची चव, परंतु साखर नाही, अशी व्यवस्था तातडीने करण्यात यावी. ते शक्य नसल्यास, योगर्टच्या फ्रिजसमोर अर्जदारास पाय लांब करून निजता येईल एवढी जागा कायमस्वरूपी मंजूर करण्यात यावी. उंचीचा दाखला सोबत जोडला आहे."