पावणेबाराची झोप

"नाही नाही नाही, झोपायचं नाही! भिंगरे, इकडे बघ. हा नळ बघ. नळ कसा वाजतो बघ!"

आजोबांनी स्वयंपाकघरातला नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. कडेवरच्या नातीने नळाकडे एकदा पाहिलं, तेही आजोबांचं मन मोडू नये म्हणून पाहावं तसं, आणि मान त्यांच्या खांद्यावर टाकली. घड्याळात दहा वीस झाले होते. पावणेबारापर्यंत या पोरीला जागं ठेवायचं होतं. म्हणजे अजून एक तास पंचवीस मिनिटं. एका कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाच्या एवढ्याशा जिवाने नाकी नऊ आणले होते.

भानगड अशी होती, की भिंगरी चौदा महिन्यांची झाली आणि तिच्या दिवसाच्या दोन झोपांची एक झोप व्हायची वेळ आली. आधी ती दहाला झोपायची आणि अडीचला झोपायची, घड्याळ लावून घ्यावं अशी. आता दुपारची झोप येईना आणि सकाळची सुटेना. सूनबाई मोठ्या दवाखान्यात नर्स. तिने शास्त्रशुद्ध तोडगा काढला होता. सकाळची झोप दर तीन दिवसांनी पाव तास पुढे ढकलायची, ढकलत ढकलत बारावर आणून ठेवायची, आणि मग एकच लांब झोप. तसा तक्ता करून तिने फ्रिजवर चिकटवला होता. झोपली कधी, उठली कधी, शेरा. रात्री किती वाजता निजवायचं ते ती दुपारी उठल्याच्या वेळेवरून ठरवायची.

आणि हे काही हौसेखातर चाललं नव्हतं. गेल्या आठवड्यात आजोबांनी दया येऊन तिला दोनदा साडेनऊलाच झोपू दिलं होतं. परिणाम असा, की चार रात्री पोर टक्क जागी आणि आईच्या डोळ्याला डोळा नाही. मुलगा लांबच्या कामावर, दोन महिन्यांनी येणारा. सूनबाई एकटीच रात्रभर येरझारा घालायची आणि पहाटे साडेपाचला ड्युटीवर पळायची. मंगळवारी तिने एका रुग्णाच्या सुईत दुसऱ्याचं औषध भरलं. शेजारच्या नर्सने वेळेवर हात धरला म्हणून निभावलं. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, आणि त्याचीच आजोबांना जास्त भीती वाटली.

"बाबा, शनिवारपर्यंत बघू," ती म्हणाली होती. "नाही बसली घडी, तर पाळणाघर. तुमचा दोष नाही. पण मला आता जमत नाही."

शनिवार परवावर आला होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, नोकरी सुटून चार. मधली वर्षं आजोबांनी कशी काढली ते त्यांचं त्यांना माहीत. गेले आठ महिने मात्र त्यांना सकाळी उठायला कारण होतं, आणि ते कारण या क्षणी त्यांच्या खांद्यावर लाळ गाळत पेंगत होतं.

"अगं ए, उठ. बाहेर जाऊ या. भूर!"

भूर म्हटल्यावर तिने एक डोळा उघडला. आजोबांनी घाईघाईने बाबागाडी काढली. इथेच घोड्याने पेंड खाल्ली. पेंगणाऱ्या मुलाला चाकांवर बसवणं म्हणजे आगीत तेल, हे कुठल्याही आईला कळतं. आजोबांना ते कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापाशी कळलं, म्हणजे वाकून गाडीत पाहिलं तेव्हा. पोर गाढ झोपली होती. मनगटावरचं घड्याळ दहा चाळीस दाखवत होतं.

उठवायला हवं होतं. आजोबांनी हात पुढेही केला. पण तिची मूठ गालाखाली होती, ओठ अर्धवट उघडे होते, आणि आठवडाभर जे मूल आपल्यामुळे नीट निजलं नाही ते आता निजलंय, या विचाराने त्यांचा हात तिथेच थांबला. समोरच्या घरातल्या काकू पिशवी घेऊन येत होत्या. त्या थांबल्या.

"झोपली वाटतं राणी?"

"झोपायचं नव्हतं हो तिने. पावणेबाराला झोपायचंय."

"इश्श! झोपेला कधी मुहूर्त असतो का? आमची चार पोरं वाढली ती काय तक्ते लावून? झोपू द्या की बापडीला."

झोपू दिलं. आपल्या मनात असलेलं दुसऱ्याने बोलून दाखवलं की माणसाला केवढा धीर येतो! पण काकूंचा धीर पंचवीस मिनिटंच टिकला. सव्वाअकराच्या आत एक टेम्पो कर्कश हॉर्न देत गेला आणि भिंगरी दचकून उठली. चांगली हसत उठली. पंचवीस मिनिटांची ती डुलकी तिला पुरली होती.

घरी आल्यावर ते पहिल्यांदा फ्रिजसमोर जाऊन उभे राहिले. कारण तक्ता आधीच भरलेला होता.

झोपली: ११.४५. उठली: १.४५. शेरा: झोप शांत, उठल्यावर प्रसन्न.

हे त्यांनी सकाळी आठलाच लिहून टाकलं होतं, चहा पिता पिता. फसवायला म्हणून नव्हे. बॉयलरवर दर तासाला प्रेशर आणि पाण्याची पातळी बघून लॉगशीटवर लिहायची असते. पण रोज तोच आकडा, तीच रेघ. दर तासाला उठणार कोण? सगळेच शिफ्टच्या सुरुवातीला आठही तासांचे आकडे ओळीने लिहून मोकळे व्हायचे. कागद भरला की निम्मी शिफ्ट भरली, असं जुने लोक म्हणायचे. चौतीस वर्षं आजोबांनी तेच केलं आणि चौतीस वर्षं काही झालं नाही. जित्याची खोड! ती निवृत्त होत नाही.

खोडायला हवं होतं. पण पेनाने लिहिलेलं खोडलं तर दिसणार. दिसलं तर सूनबाई विचारणार. "आधी झोपवू तरी," ते स्वतःशी म्हणाले. "आत्ता झोपली तर तक्ता खराच होईल."

पावणेबाराला त्यांनी पडदे ओढले, पंखा लावला, तिला पाळण्यात ठेवलं. भिंगरी पाळण्याचा कठडा धरून उभी राहिली आणि टाळ्या वाजवू लागली. बारा झाले. साडेबारा झाले. थोपटून थोपटून आजोबांचा हात दुखायला लागला, पोर मात्र त्यांच्या चष्म्याशी खेळत बसली. एकला फोन वाजला.

"बाबा, झोपली?" सूनबाईच्या मागे दवाखान्यातला गलका होता.

भिंगरी जमिनीवर बसून मोजा चघळत होती, मोठमोठ्याने गात. आजोबांनी फोन घेऊन गॅलरी गाठली आणि दार ओढून घेतलं.

"हो. झोपलीय."

"पावणेबाराला?"

"पावणेबाराला."

"मग तो आवाज कसला येतोय?"

"रेडिओ."

"बंद करा हो, उठेल ती." मग म्हणाली, "बाबा, जमलं की तुम्हाला. मी इथे सगळ्यांना सांगते."

एक खोटं पचवायला दहा खोटी लागतात म्हणतात. आजोबा काचेतून आत पाहत उभे राहिले. आपण कुणाशी खोटं बोललो? जी बाई चार रात्री झोपली नाही आणि तरी आपल्याला 'तुमचा दोष नाही' म्हणाली, तिच्याशी. त्यांना स्वतःची शरम वाटली. तरी फोन परत लावायचं धैर्य काही झालं नाही.

दोननंतर गाणं संपलं आणि रडणं सुरू झालं. झोप अंगात मावेना आणि येईना, अशी पोरीची गत झाली. पाळण्यात ठेवलं की ताठ व्हायची, उचललं की अंगाची कमान करायची. दूध ढकललं, केळं फेकलं. आजोबा तिला घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत राहिले. "चुकलो गं माझे आई, चुकलो," म्हणत राहिले. तिला त्याचं काय! तीन दहाला रडता रडताच ती एकाएकी लुळी पडली आणि झोपली. चेहरा लालबुंद, केस घामाने चिकटलेले, अधूनमधून हुंदका. आजोबांनी तिला पाळण्यात ठेवलं आणि स्वतः खाली फरशीवरच बसले. आता सूनबाई आली की पहिलं वाक्य काय बोलायचं, ते मनात जुळवू लागले. दोन वाक्यं झाली होती, तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. आज ती लवकर आली होती.

ती हसत आत आली. आधी फ्रिजपाशी गेली, तक्ता वाचला. मग खोलीच्या दारात आली आणि तिचं हसू गेलं.

"ही परत झोपली?"

आजोबांनी तोंड उघडलं.

"दोन तास झोपून उठलीय ना? मग आत्ता कशी झोपली?" ती पाळण्यापाशी पोचलीही होती. कपाळाला हात लावला. "किती लाल झालीय. भिंगरी? भिंगरे, ए पिल्ला!"

पोर हलली नाही. नुकतीच लागलेली झोप ती, दगडासारखी. सूनबाईने तिचा हात उचलून सोडला, तो तसाच खाली पडला.

"बाबा, पडली का ही?"

"नाही गं..."

"खरं सांगा. डोकं आपटलं का कुठे? ओकली का?" तिची बोटं मुलीच्या केसांतून टेंगूळ शोधत फिरत होती. तिने पापणी वर करून मोबाईलचा उजेड डोळ्यावर धरला. दवाखान्यात शंभर वेळा केलेलं काम ते. "अवेळी झोपलीय, उठत नाहीये. बाबा, बोला ना काहीतरी! औषधाच्या डब्यातलं काही तोंडात घातलं का तिने?"

आजोबांची पाचावर धारण बसली. जुळवलेली दोन्ही वाक्यं कुठल्या कुठे गेली. सूनबाईने बाळरोगाच्या वॉर्डचा नंबर लावला होता, पलीकडे रिंग वाजत होती. ती मुलीला छातीशी धरून चपला शोधत होती.

"खोटं आहे," आजोबा म्हणाले.

"काय?"

"तक्ता. तो खोटा आहे. तिला काही झालेलं नाही. ती झोपलीच नाही दुपारी. दहा चाळीसला गाडीत झोपली, पंचवीस मिनिटं. त्यानंतर आत्ता तीन दहाला. रडून रडून झोपलीय, बाकी काही नाही."

फोनवर कुणीतरी "हॅलो, हॅलो" म्हणत होतं. सूनबाईने फोन कट केला. तिच्या कडेवर भिंगरीने डोळे किलकिले केले, आईला पाहिलं, आणि वैतागून भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून सूनबाई मटकन पलंगावर बसली आणि तीही रडू लागली.

डोळे पुसून तिने विचारलं, "मग फोनवर...?"

"रेडिओ नव्हता."

"लिहिलं कधी तुम्ही ते?"

"सकाळी आठला."

"उठल्यावर प्रसन्न, हेसुद्धा?"

"हेसुद्धा."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, माझ्या वॉर्डात आधीच्या शिफ्टने लिहिलेलं वाचून मी औषध देते. ते खरंच असणार असं धरून देते. मी तिला आज काय दिलं असतं, सांगा बरं? दवाखान्यात नेऊन काय काय टोचलं असतं तिला?"

बॉयलरवरही हे कुणी कधी विचारलं नव्हतं. खाली रात्रपाळीची माणसं काम करत असायची आणि वर कागदावर पाण्याची पातळी बरोबर असायची. काही झालं नाही, हे त्यांचं कौशल्य नव्हतं. नशीब होतं, आणि तेही बॉयलरचं. या वयात ते कळून काय उपयोग, असं मनात आलं. मग पलंगावरच्या दोघींकडे पाहून वाटलं, उपयोग एकच आहे.

"सोमवारपासून तिला पाळणाघरात घाल," ते म्हणाले.

"मी म्हटलं का तसं?"

"तू नाही. मी म्हणतोय."

सूनबाईने मुलीचे केस कपाळावरून मागे सारले. आजोबा वाट पाहत होते. एवढं मनाशी ठरवूनही ते वाटच पाहत होते. ती 'नको' म्हणाली नाही.

सोमवारी भिंगरीला सोडायला तेच गेले, कारण सूनबाई पहाटेच ड्युटीवर गेली होती. पाळणाघराच्या ताईंनी एक कागद पुढे केला. दूध किती, ॲलर्जी काय, आणि खाली झोपेच्या वेळा. आजोबांनी पहिल्या दोन रकान्यांत लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.

"हे राहिलं, काका."

"ते मला माहीत नाही. वेळ सध्या बदलतेय. तुम्ही आज बघा आणि मग लिहा. झोप आली की ती कान चोळते. बाबागाडीत मात्र घालू नका."

भिंगरी ताईंच्या कडेवर गेली. तिथे भिंतीवर रंगीत मासे होते, ते पाहण्याच्या नादात तिने मागे वळूनही पाहिलं नाही. हे चांगलंच झालं, असं आजोबा स्वतःला दोनदा म्हणाले.

घरी जाऊन करायचं काय? ते समोरच्या फुटपाथवर एका दुकानाच्या पायरीवर बसले, मग उभे राहिले, मग पुन्हा बसले. बाराच्या सुमारास पाळणाघराच्या खिडकीतला एक पडदा ओढला गेला. मग दुसरा. आजोबा उठून उभे राहिले. आतून रडणं ऐकू येतंय का, म्हणून त्यांनी रहदारीतून कान दिला. काही ऐकू येत नव्हतं.

"काका, पोस्ट ऑफिस कुठे आलं इथे?" मागून एका माणसाने खणखणीत आवाजात विचारलं.

आजोबांनी वळून त्याला हाताने थोपवलं. मग त्याच्या जवळ जाऊन, अगदी दबक्या आवाजात म्हणाले, "सरळ जा. दुसरं वळण, डावीकडे."

त्या माणसाने एकदा आजोबांकडे पाहिलं, एकदा रस्त्यापलीकडच्या बंद पडद्यांकडे. त्याला काय कळलं कोण जाणे. "बरं," तोही हळूच म्हणाला, आणि पावलांचा आवाज न करता पुढे गेला.