दहा विसा फेऱ्या

१९७४ सालच्या जानेवारीत टिपणीस साहेब लोणावळ्याच्या एका रिकाम्या बंगल्यात येऊन राहिले. इंजिनिअर माणूस. खोली गार करणाऱ्या यंत्रांचे नियम नव्याने लिहायचं काम त्यांच्या समितीकडे आलं होतं. खोली गार झाली की जुन्या नियमाचं समाधान व्हायचं. यंत्राने वीज किती खाल्ली, हे त्यात कुणी विचारलंच नव्हतं. साहेबांना तेच विचारायचं होतं. त्यांनी आणलेलं यंत्र उन्हाळ्यात खोली गार करी आणि थंडीत, उलटं चालवलं की, गरम.

बंगल्याची झाडलोट बयाबाई करायची. आंदर मावळातली ठाकरीण, वय चाळिशीचं.

"बयाबाई, मीटरची चकती बघ. तिच्यावरची काळी खूण समोर आली की एक चिंचोका टाकायचा. मी आत पारा बघतो."

आधी साहेबांनी विजेवर चालणारी तारेची शेगडी लावली. खोली उबदार झाल्यावर घड्याळ लावून दहा मिनिटं मोजली. चकती गरगर फिरत होती. बयाबाईने चिंचोके विसाविसाचे ढीग करून मोजले.

"दहा विसा, सायेब."

मग शेगडी बंद करून यंत्र लावलं. खोली तेवढीच उबदार, मिनिटंही तेवढीच.

"चार विसा अन् वर धा." बयाबाई चिंचोक्यांकडे बघतच राहिली. "माजं चुकलं आसंल. पुन्यांदा लावा."

साहेबांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेवढेच.

"निम्म्याहून कमी विजेत तेवढीच ऊब? मंग बाकीची आली कुटनं?"

"बाहेरून. यंत्राच्या मागच्या बाजूला जाऊन हात धर."

बाहेर सकाळचा बोचरा गारठा होता, गवत दवाने भिजलेलं होतं. बयाबाईने यंत्रामागून येणाऱ्या वाऱ्यात हात धरला आणि झटकन मागे घेतला. अंगणातल्या हवेपेक्षाही तो वारा गार होता. तिने पुन्हा हात धरला. खिडकीच्या काचेतून साहेब नुसत्या सदऱ्यावर बसलेले दिसत होते.

"हितल्या थंडीतनं ऊब काडून आत न्हेतंय?" तिने खिडकीशी येऊन विचारलं. "थंडीत बी ऊब आसती?"

"असते. वीज फक्त ती वाहून आणते, म्हणून कमी लागते."

साहेबांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि शेजारी लिहिलं, 'मोजणी: बयाबाई'. आकडे समितीपुढे गेले. नियम बदलायला पुढे बरीच वर्षं लागली, पण वीज किती खाल्ली हा प्रश्न त्या दिवसापासून कागदावर आला.

घरी बयाबाईने नवऱ्याला सगळं सांगितलं. कान्हू हसला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ती त्याला डोंगर उतरवून बंगल्यावर घेऊन आली. साहेबांनी यंत्र चालू केलं. कान्हूने मागे जाऊन हात धरला. घोंगडी खांद्यावरून घसरली तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"बये," तो हळूच म्हणाला, "येवड्या गारठ्यात आजून किती ऊब आसंल गं?"