माझ्या कुरकुरीवर आलेला आळ

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. कसा ठेवणार? मी पडले बांबूची डोली. बोलायला माझ्याकडे फक्त कुरकुर, आणि आळ आला तोही नेमका तिच्यावरच.

माझा जन्म याच डोंगराच्या पायथ्याशी, बांबूच्या बेटात. मू छांगगुईनं मला तोडलं, विस्तवावर शेकून वाकवलं, मध्ये वेताची बैठक विणली. तेव्हापासून चहाच्या टपऱ्यांपासून धबधब्याच्या कडेनं वरच्या ताओ मंदिरापर्यंत माणसं वाहतेय. माणसं कशी असतात ते मला विचारा. मनाला शांती हवी म्हणून निघतात आणि वर पोचेपर्यंत फोनवर भांडतात.

मला पुढून उचलायचा तेंग बाओशान, मूच्या बायकोचा भाऊ. मागून मू. मागच्याला माझ्या पाठीपलीकडचं काही दिसत नाही, म्हणून आमच्यात हाळीची रीत. वाटेत पाणी दिसलं की पुढचा म्हणतो, "वर आभाळ निळंनिळं." मागचा म्हणतो, "पायी पाणी खळंखळं," आणि पाऊल जपून टाकतो.

त्या दिवशी मंदिरात दोघांनी काड्यांचं नळकांडं हलवून नशिबाची एकेक काडी काढली. तेंगची निघाली सगळ्यांत वाईट. मू चारचौघांत हसला. "काडीला माणूस बरोबर ओळखता येतो रे." झालं. तेंगनं अबोला धरला.

उतरताना बैठकीत श्यांग आजी होती. दर वर्षी मंदिरात येते, आणि दरी बघवत नाही म्हणून वाटभर डोळे मिटून बसते. धबधब्याखालच्या वळणावर शेवाळलेल्या दगडावर पाणी साचलं होतं. तेंगनं ते पाहिलं, ओलांडलं, आणि तोंड मिटून पुढं गेला. मी जीव तोडून कुरकुरले. मूचा पाय सटकला. आजी खाली आपटली, मनगट मोडलं.

माणसं जमली. तेंग म्हणाला, "मी हाळी दिली होती. पण ही डोली एवढी कुरकुरते, दाजींना ऐकूच गेली नाही. म्हातारी झालीय ती."

मू बिचारा आपल्याच कानांवर संशय घेऊन बसला. "असेल बाबा. वयही झालं माझं." त्यानं खांद्याला डोली लावणंच सोडलं.

मला मागच्या अंगणात टाकलं. माझ्यावर कोंबड्या बसायला लागल्या. मग थंडी आली, मांसाला धुरी द्यायचे दिवस आले, धुरीला जळण हवं होतं. मूची बायको शूझन कोयता घेऊन माझ्यापाशी आली.

तेवढ्यात आवारात श्यांग आजी. गळ्यात हात अडकवलेला, दुसऱ्या हातात संत्र्यांची पिशवी.

"हे काय करतेस गं?"

"फोडतेय. हिच्याच कुरकुरीनं पाडलं ना तुम्हाला."

"कुणी सांगितलं?"

"भावानं. तुमचे तर डोळे मिटलेले होते, आजी."

"डोळे मिटलेले होते, कान नव्हते. मी हाळीवरच वाट ओळखते. तुझ्या नवऱ्याच्या आधी उत्तर तोंडातल्या तोंडात मीच म्हणून टाकते. त्या वळणावर म्हणायला काही आलंच नाही. धबधबा ऐकला. डोली कुरकुरलेली ऐकली. तुझ्या भावानं नाक ओढलं तेसुद्धा ऐकलं. हाळी नाही ऐकली."

दारात मू भाताचा वाडगा घेऊन उभा होता. "म्हणजे माझे कान..."

"कान ठणठणीत आहेत तुझे. जीभ तेवढी आवरत जा, काडीवरून चारचौघांत हसू नये कुणाला."

भाऊ सख्खा शूझनचा. तरी तिनं कोयता भिंतीला टेकवला, आतून दोर आणला आणि माझे सैल पडलेले बांध एकेक करून आवळले.

आता पुढून तीच उचलते. हाळी अशी देते की धबधब्यानं ऐकून घ्यावं. आजी बैठकीत असली की उत्तर अजून मूच्या आधी तिचंच येतं. मी अजून कुरकुरते. बांबू आहे, कुरकुरणारच.

तेंग खाली पायथ्याशी भाजलेली कणसं विकतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, जुन्या डोलीत बसू नका, पाडते. या डोंगरावर आलात तर कणीस खुशाल घ्या, चांगलं असतं. पण आजीला कुणी पाडलं अशी गोष्ट निघाली, तर तेवढं माझं नाव घेऊ नका. ज्याचं घ्यायचं तो समोरच बसलेला असतो, कणसाला वारा घालत. तेंग बाओशान.